प्रार्थनेत आधी स्तुती केलीच पाहिजे का? मन भरून आलेल्या बाईनं काय करावं?

घरप्रार्थना_दारव्हा

सलाम सगळ्यांना. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गुरुवारी संध्याकाळी बायांची घरप्रार्थना असते, सध्या कापूस वेचणी चालू आहे म्हणून बाया उशिराच येतात, हातपाय धुवून, डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर बसतात, आणि प्रार्थना चालवायचं काम माझ्याकडे आहे. आमची पद्धत ठरलेली आहे. आधी गाणी, मग स्तुती, म्हणजे प्रत्येकीनं मोठ्यानं देवाचा गौरव करायचा, तू महान आहेस, तू राजांचा राजा आहेस, तू पवित्र आहेस असं, मग उपकारस्तुती, मग पापकबुली आणि सगळ्यात शेवटी विनंत्या. मलाही लहानपणापासून हेच शिकवलं आहे आणि मला ते मनापासून आवडतं, दिवसभर वावरात वाकून कंबर धरलेली असते पण स्तुतीला सुरुवात झाली की जीव हलका होते.

आता प्रश्न असा आहे की मागच्या गुरुवारी एक बाई आली, तिचं सोयाबीन पावसात सडलं, बँकेचं पीककर्ज आहे, सावकाराचे वेगळे, आणि पोरीचं लग्न तोंडावर आलंय. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली की माझ्या तोंडून महान-बिहान काही निघून नाही राहिलं, मला सरळ मागू द्या. तर एक वयस्क मावशी तिला म्हणाल्या, बाई, आधी स्तुती कर, स्तुतीशिवाय प्रार्थना वर जात नाही. ती गप्प झाली ती शेवटपर्यंत बोललीच नाही, आमेन पण नाही म्हटलं. मावशी वाईट नाहीत हे आधी सांगते, त्यांनी आयुष्यभर मंडळीसाठी केलंय, अन् त्यांचं म्हणणं बायबलातल्या स्तोत्र १०० मधूनच आलंय, उपकार मानत त्याच्या दारातून आत या आणि स्तवन करत अंगणात या असं तिथं आहेच.

पण मला झोप नाही लागली. देवाला आपल्या स्तुतीची गरज आहे का? नसेल तर मग आधी तीच का? ज्याच्या मनात त्या वेळेला स्तुती नाहीच त्यानं ती तोंडानं म्हटली तर ते खोटं बोलणं नाही का होत, आणि सरळ मागितलं तर देवाचा मान राखला नाही असं होते का? माझा पुतण्या कॉलेजात आहे, तो विचारतो की काकू, तहसीलमध्ये काम असलं की आधी साहेब साहेब करावं लागते, हे तसंच आहे का. त्याला मला वचनातून, म्हणजे बायबलातून, उत्तर द्यायचं आहे, माझ्या मनानं नाही. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

यवतमाळचा_जुना_विद्यार्थी

सलाम ताई. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं बायबल कॉलेज, यवतमाळात होती तेव्हा मी तिथं शिकलो (१९५३ ला यवतमाळात सुरू झाली, १९८३ ला पुण्याला गेली, आता नवीन पोरांना हे माहीतच नसते), नंतर खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांतच सेवा केली, म्हणून तुमच्या सतरंजीवरचा हा प्रश्न मला परका नाही.

पुतण्यापासून सुरुवात करतो कारण त्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला लूक १८, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, उघडायला सांगा. तिथं प्रभू येशूनं एक विधवा आणि एक अन्यायी न्यायाधीश सांगितला आहे, ती रोज त्याच्याकडे चकरा मारते आणि शेवटी तो कंटाळून तिचा न्याय करतो. प्रभूचं सांगणं असं आहे की असा माणूससुद्धा ऐकतो, तर देव आपल्या रात्रंदिवस ओरडणाऱ्या लोकांचा न्याय करणार नाही का. म्हणजे देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हाच तिथला मुद्दा आहे, आणि पाहा, त्या विधवेनं न्यायाधीशाची एका शब्दानं तारीफ केलेली नाही. साहेबाला साहेब साहेब करावं लागते कारण साहेबाचं मन आपल्याकडे नसते, ते वळवावं लागते. मत्तय ६ मध्ये प्रभू म्हणतो की तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत आहे, आणि त्याच जागी तो बजावतो की पुष्कळ बोललं म्हणजे आपलं ऐकलं जाईल असं समजून बडबड करू नका. आता हे वचन आपण नेहमी दुसऱ्या लोकांना लावतो पण आपल्या लांबलचक स्तुतीलाही ते लागू आहे असं मला वाटते.

देवाला गरज आहे का, तर नाही. स्तोत्र ५० मध्ये तो स्वतः सांगतो की मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे. आणि ह्याच स्तोत्राची पंधरावी ओवी तुम्ही त्या मावशींसोबत बसून वाचा, संकटाच्या दिवशी माझा धावा कर, मी तुला सोडवीन आणि तू माझा गौरव करशील. आधी धावा, मग सुटका, मग गौरव. स्तोत्र १०० मध्ये एक क्रम आहे, स्तोत्र ५० मध्ये दुसरा आहे, दोन्ही देवाचंच वचन आहे, म्हणून क्रमाचा कायदा करता येत नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत तरी आधी स्तुतीच आहे ना, असं कोणी म्हणेल. तर "तुझे नाव पवित्र मानले जावो" हे नीट पाहा, ती मागणीच आहे. राज्य येवो, इच्छा पूर्ण होवो, ह्याही मागण्याच. पहिल्या तीन मागण्या देवाच्या कामाच्या आहेत आणि मग रोजची भाकर. शेवटी आपण राज्य, पराक्रम, गौरव तुझेच म्हणतो ते मत्तयच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाही, मंडळीनं फार लवकरच्या काळापासून ते म्हणायला सुरुवात केली आणि चांगलंच केलं, पण मग तिथं स्तुती शेवटी आली, सुरुवातीला नाही.

आता खोटं होते का त्याबद्दल. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी रडण्याची आहेत. स्तोत्र १३ ची सुरुवातच कुठवर, कुठवर, कुठवर अशी आहे, पहिल्या दोन ओव्यांत चारदा, आणि सहाव्या ओवीला तो गाऊ लागतो. तिथं निदान शेवट गाण्यात होतो, स्तोत्र ८८ मध्ये तेही नाही, ते अंधारातच संपते. पण त्याची पहिली ओळ वाचा, माझं तारण करणाऱ्या देवा अशी हाक आहे. पूर्ण स्तोत्रात आदर असेल तर तो ह्या एका हाकेत आहे की मी ज्याला हे सांगतोय तोच माझा तारणारा आहे, दुसरा कोणी नाही. ती बाई गुरुवारी तुमच्या घरी आली, सावकाराच्या दारात जाऊन रडण्याऐवजी देवापुढे येऊन बसली, मला विचाराल तर तिची स्तुती तिथंच झालेली होती.

आणि शेवटचं म्हणजे इब्री ५:७. प्रभू येशूनं मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केली आणि त्याच्या आदरयुक्त भक्तीमुळे ती ऐकली गेली. आक्रोश आणि आदर एकाच ओवीत आहेत. आदर म्हणजे शांत, गोड आवाजात बोलणं असा आपला समज होऊन बसलाय, त्यावर ही ओवी रोज वाचण्यासारखी आहे.

मंडळीचा_पंच

जुन्या विद्यार्थी साहेबांचं वाचलं, लय चांगलं लिवलं, पण मी मावशीची बाजू मांडतो कारण तिची बाजू मांडणारं इथं कोणी दिसत नाई.

आमच्या मूर्तिजापूरकडच्या खेड्यात मी पंच म्हून काम पाह्यलं, अन् मी पाह्यलं का ज्या बैठकीत लोकं बसल्या बसल्या विनंत्या चालू करतेत तिथं तासभर कर्ज, गुडघेदुखी, पोट्ट्याची नोकरी अन् शेजाऱ्याचा धुरा ह्याच्यावरच प्रार्थना होते, अन् उठताना माणूस जेवढा घाबरून आला होता त्याच्याहून जास्त घाबरून जाते. देव कोण हाय हेच त्यात येत नाई. प्रेषितांची कृत्ये ४ वाचा, येशूचे शिष्य पेत्र अन् योहान कैदेतून सुटून आले, वरून धमकी हाय का पुन्हा त्या नावानं बोलाल तं याद राखा. मंडळीनं काय केलं, एकदिलानं वर आवाज काढला का हे प्रभू, आकाश, पृथ्वी, समुद्र अन् त्यातलं सगळं तूच केलं. मंग दुसऱ्या स्तोत्राची आठवण केली. अन् त्याच्या मागून मागणं केलं, तेबी धमकी टाळ म्हून नाई तं बोलाची हिंमत दे म्हून. आधी स्तुती केली म्हून त्यांचं मागणंच बदललं, असं मले दिसते. घाबरलेला माणूस सुरुवातीलेच मागाले बसला तं तो लहान गोष्ट मागते.

अन् खोटं होते म्हणता ते मले पटत नाई. देव महान हाय हे माह्या मनाले वाटो का न वाटो, ते खरंच हाय. खरी गोष्ट तोंडानं बोलली तं ती खोटी काहून होईन? स्तोत्र १०३ मंधी दावीद देवाले नाई, आपल्याच जिवाले सांगते, हे माह्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे उपकार इसरू नको. स्तोत्र ४२ मंधी तं स्तोत्र लिवणारा जिवाले इचारते का तू काहून खचला, देवाची आशा धर. म्हंजे जीव तयार नाई अन् तोंड त्याले ओढून आणते. पौल अन् सीला फिलिप्पैच्या जेलात, फटके खाल्लेले, पाय खोड्यात, अन् मध्यरात्री प्रार्थना करत गाणे म्हणत होते, त्या टायमाले त्यांच्या अंगाले बरं वाटत होतं काय?

हबक्कूक संदेष्ट्याचा ३ रा अध्याय तं आपल्या कास्तकारासाठीच लिवला वाटते. अंजिराले फूल नाई, द्राक्षीले फळ नाई, जैतुनाचं पीक बुडलं, शेतात दाणा नाई, कोठ्यात मेंढरू नाई अन् गोठ्यात ढोर नाई, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. सगळं गेल्यावरची स्तुती हाय ते, सालं चांगलं पिकल्यावरची नाई.

मावशीनं बोलाची येळ चुकवली असंन, ते मी मानतो. पण तिनं जे धरून ठेवलं ते फेकून नका देऊ, ते आपल्या बुढ्यांनी लय दुष्काळ पाहून शिकलेलं हाय.

घरप्रार्थना_दारव्हा

दोघांचेही खूप आभार, मी दोन्ही उत्तरं वहीत उतरून घेतली. पुतण्याला लूक १८ वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण बायबल घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

पंच भाऊ, तुमचं म्हणणं मला माझ्यापुरतं शंभर टक्के पटते. पण मी तिच्यासमोर हबक्कूक ३ वाचला तर तिला काय ऐकू येईल ह्याची मला भीती वाटते, म्हणजे पाहा, त्याचं सगळं गेलं तरी त्यानं स्तुती केली आणि तू एका पिकात खचली, असं तर नाही होणार? वचन तेच पण दुखऱ्या जागी दगडासारखं लागू शकते. हे कसं सांभाळायचं?

यवतमाळचा_जुना_विद्यार्थी

ताई, पूर्ण पुस्तक वाचा, तीनच अध्याय आहेत. हबक्कूकच्या पहिल्या अध्यायाची सुरुवात काय आहे पाहा, हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकत नाहीस. तो देवाशी सरळ भांडतो, अन्याय का पाहतोस विचारतो. दुसऱ्या अध्यायात म्हणतो की मी आता बुरुजावर उभा राहून वाट पाहतो, तो काय उत्तर देतो ते बघू. त्यानंतर तिसरा अध्याय. आपण थेट तिसऱ्यातून शेवटच्या ओव्या उचलतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापतो, पण तिथपर्यंत पोचायला त्या माणसाला आधी दोन अध्याय ओरडावं आणि थांबावं लागलं आणि देवानं त्याला त्याबद्दल हाकलून दिलं नाही. ती बाई आज पहिल्या अध्यायात आहे. तिला तिथं बसू द्या. पंच भाऊंचं म्हणणं मला मान्य आहे, तिसरा अध्याय खराच आहे, पण तिथं तिनं स्वतः चालत यायचं आहे.

परतवाडा_कॅथलिक

मी कॅथलिक आहे, तुमच्या उपासनेची रीत वेगळी असली तरी प्रश्न सगळ्यांचा आहे म्हणून लिहितो, चालेल ना.

देवाला गरज आहे का ह्यावर आमच्या मिस्साविधीत एक वाक्य आहे, साध्या दिवशीच्या एका प्रिफेसमध्ये, म्हणजे आभाराच्या प्रार्थनेत, ते मला लहानपणापासून आवडते. त्याचा भाव असा की हे प्रभू, तुला आमच्या स्तुतीची गरज नाही, आम्ही तुझे आभार मानतो तीही तुझीच देणगी आहे, आमच्या स्तुतीनं तुझ्या मोठेपणात भर पडत नाही पण आमच्या तारणाला ती उपयोगी पडते. हे वेदीसमोर उभं राहून फादर थेट देवालाच सांगतात, हे मला विशेष वाटते.

दुसरं म्हणजे स्तुतीलाही हात आवरता घ्यायची वेळ असते हे आमच्या विधीतच ठेवलेलं आहे. मिस्साची सुरुवात गौरवगीतानं नाही होत, आधी पापकबुली आणि प्रभू दया कर, मग गौरवगीत. आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात तर गौरवगीत रविवारीही गात नाहीत, हालेलुया शब्द पूर्ण उपवासकाळात कोणी उच्चारत नाही, थेट पुनरुत्थानाच्या जागरणाला तो परत येतो. शुभ शुक्रवारी विधी सुरू होतो तेव्हा गाणं नाही, घंटा नाही, फादर वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात आणि सगळी मंडळी गुडघ्यावर, कोणी काही बोलत नाही. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको की त्याहून जास्त आदर कुठल्या शब्दात नसेल. म्हणजे शेकडो वर्षांपासून ख्रिस्ती लोक मानत आले की शोकातसुद्धा देवाचा मान राखता येतो, त्यासाठी प्रत्येक वेळी गौरवाचे शब्दच लागतात असं नाही.

पण पंचांच्या बाजूनंही एक सांगतो. आधी नमन मग बोलणं ही आपल्या मराठी माणसाच्या अंगातली गोष्ट आहे, कीर्तन नमनाशिवाय सुरू होत नाही. फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते छापलं गेलं, ते बाहेरून आलेले इंग्रज पण त्यांचीही पहिली ओवी नमनाचीच आहे, विश्वभरल्या देवाबापाला नमन. म्हणून मावशी जे म्हणतात ते फक्त मिशनऱ्यांनी शिकवलेला नियम म्हणून म्हणत नसतील, ते आपल्या मातीतूनही आलंय. फक्त नमन एक जण करतो आणि ते सगळ्या श्रोत्यांच्या वतीनं असते, प्रत्येकाला वेगळं करावं लागत नाही. तसंच प्रार्थनेत. आम्ही पवित्र पवित्र पवित्र म्हणतो (यशया ६ मध्ये देवदूत म्हणतात तेच) तेव्हा ज्याचा गळा दाटलाय तो गप्प उभा राहतो आणि बाकीचे त्याच्या वाटचं म्हणतात. तुमच्या गुरुवारी बाकीच्या बायांनी स्तुती केली होतीच ना, मग ती तिचीही झाली.

सावनेर_युथ

सगळ्यांचं वाचून मस्त वाटलं. मी एवढंच म्हणेन की लूक १८ मध्येच विधवेच्या लगेच पुढं परुशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोक ज्याला पापी समजत) यांची गोष्ट आहे. परुशी प्रार्थनेची सुरुवात आभार मानूनच करतो, देवा मी तुझे आभार मानतो अशी. जकातदार दूर उभा, वर बघायची हिंमत नाही, छाती बडवतो आणि एवढंच म्हणतो की मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी कोण गेला तर दुसरा. आमच्या युथ मीटिंगमध्ये कीबोर्ड, ड्रम, बॉक्स सगळं असते आणि मला ते आवडतेच, पण लीडर जेव्हा म्हणतो की अजून जोरात, देवाला ऐकू गेलं पाहिजे, तेव्हा मला हा जकातदार आठवतो.

मोर्शीची_बायबलबाई

दारव्ह्याच्या ताई, मी उशिरा आली पण तुमच्या गुरुवारच्या आधी लिहून राहिली म्हणून सरळ कामाचं सांगते.

तुमच्या घरी जे झालं ते शास्त्रात आधीच झालेलं आहे, १ शमुवेल १ काढा. मूल होत नव्हतं म्हणून हन्ना मंदिरात रडत होती, ओठ हलत होते पण आवाज नाही, आणि एली याजकानं तिला दारू प्यालेली समजून दटावलं. एलीही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त दिसलं नाही. हन्ना काय म्हणाली, मी दुःखी बाई आहे, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं करत होते. आणि एलीनं लगेच बाजू बदलली, शांतीनं जा, देव तुझं मागणं देवो असं म्हणाला. मग ती गेली, जेवली, तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही आणि सकाळी उठून तिनं देवाला दंडवत घातलं. मूल अजून झालेलं नव्हतं हे ध्यानात घ्या. मोठं स्तुतीचं गाणं दुसऱ्या अध्यायात आहे, शमुवेलला दूध तोडून मंदिरात आणल्यावर, म्हणजे वर्षांनंतर. आणि तिच्या रडण्याच्या प्रार्थनेचीही सुरुवात हे सेनाधीश परमेश्वरा अशीच आहे, तेवढी हाक पुरली.

तर मी तुमच्या जागी असती तर गुरुवारपर्यंत थांबली नसती. आधी मावशींकडे जा, एकट्या, बायांसमोर हा विषय काढू नका. त्यांना चुकल्या म्हणून सांगायला नाही जायचं, हन्नाचा अध्याय सोबत वाचायला जायचं, एवढ्या वर्षांच्या प्रार्थना करणाऱ्या बाईला तो अध्याय आपणहून बोलतो. मग त्यांनाच विचारा की मावशी, त्या बाईसाठी ह्या गुरुवारी तुम्ही प्रार्थना कराल का. एलीचा आशीर्वाद हन्नाला एलीच्याच तोंडून लागत होता, दुसऱ्या कोणाच्या नाही.

बैठकीत स्तुती राहू द्या, गाणी राहू द्या, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं जुनं भजन घ्या पेटीवर, सगळ्यांना येते. पण नंबर लावून प्रत्येकीनं बोलायचं हे काही दिवस बंद ठेवा, ज्या बाईला बोलायचं ती बोलेल. स्तोत्र १३ तुम्ही मोठ्यानं वाचा, हळू, आणि चौथ्या कुठवरनंतर थोडं थांबा. तिला कोणी बोल म्हणू नका, रडली तर गाणं सुरू करून झाकू नका.

आणि ताई, तिच्या पीककर्जाचं पुनर्गठन होते का, पीकविम्याची तक्रार टाकली का, हे विचारायला मंडळीतला कोणी लिहिता-वाचता माणूस तिच्यासोबत बँकेत आणि कृषी ऑफिसात पाठवा, तुमचा पुतण्या कॉलेजात आहे म्हणता, त्यालाच पाठवा. इब्री १३ मध्ये ओठांच्या फळाचा म्हणजे स्तुतीचा यज्ञ सांगितला आहे आणि त्याच्या लगेच खालच्या ओवीत लिहिलंय की उपकार करायला आणि दान करायला विसरू नका, अशा यज्ञांनीही देव संतुष्ट होतो. सोळावी ओवी आहे, मावशींना ती पाठ असेल.